घडण (भाग १२) : १८९३ सालचे कपडे

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत पहिल्यांदा आलेला माणूस भट्टीकडेच बघत राहतो. लॅडलमधून लाल-पिवळं लोखंड ओतलं जात असताना दुसरीकडे नजर जाणार कशी? पण कास्टिंगचं बरंवाईट त्याआधीच, पॅटर्न शॉपमध्ये ठरलेलं असतं. थंड होताना बीड साधारण एक टक्का आक्रसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. शिंप्याचंही तसंच. कोरी खादी पहिल्या धुण्यात आटते, म्हणून ती आधी पाण्यातून काढायची, वाळवायची आणि मगच कात्री लावायची.

गेल्या आठवड्यात बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात घडवलेल्या कॅमेऱ्याची गोष्ट सांगितली. आजची गोष्ट कपड्यांची, पण सुरुवात तिथूनच. त्यांच्या चित्रपटांसाठी काम करणाऱ्यांत चित्रकार अण्णासाहेब राजोपाध्ये होते. २८ एप्रिल १९२९ रोजी कोल्हापुरात जन्मलेली त्यांची मुलगी भानुमती म्हणजेच वेशभूषाकार भानू अथैय्या. वडील लवकर गेले, पण रंगरेषेचं वेड मुलीकडे आलं. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, १९५३ मध्ये प्रोग्रेसिव्ह गटाच्या प्रदर्शनात चित्रं, मग नियतकालिकांसाठी फॅशनची रेखाटनं आणि १९५६ च्या ‘सीआयडी’पासून सिनेमा. पुढची पन्नासहून अधिक वर्षं त्या कपड्यांत रमल्या.

मला त्यांच्या कामातलं सर्वांत मोठं वाटतं ते ‘गांधी’. ११ एप्रिल १९८३ रोजी या चित्रपटासाठी त्यांना ऑस्कर मिळालं, भारतातलं पहिलं. त्यात भागीदार होते जॉन मोलो, लष्करी गणवेशांचे जाणकार, ‘स्टार वॉर्स’साठी आधीच ऑस्कर मिळवलेले. भारतीय पोशाखांचा भार भानूताईंवर होता.

आणि तो भार केवढा! गांधीजींचं आयुष्य कपड्यांतूनच वाचता येतं. दक्षिण आफ्रिकेत सूट घालणारा बॅरिस्टर, जानेवारी १९१५ मध्ये मुंबईच्या धक्क्यावर काठेवाडी वेशात उतरलेला माणूस, २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईत पंचा नेसलेले महात्माजी. प्रत्येक टप्प्यावर एकेक वस्त्र गळत जातं. उरलेलं कापडही बदलतं: गिरणीचं गुळगुळीत सूत जाऊन हातसुताचं जाडंभरडं, गाठी असलेलं सूत येतं. पडद्यावर हा फरक संवादाविना कळायला हवा. सूट बेतणं अवघड, पण पंचा त्याहून अवघड असं मी म्हणेन. सुटाला शिवण सावरून धरते. पंच्याला शिवण नाही, तो माणसाच्या चालण्याबसण्यावर पडतो. कोरा दिसला तर नाटकातला वाटतो.

अंत्ययात्रेचं चित्रण दिल्लीत ३१ जानेवारी १९८१ रोजी, खऱ्या अंत्ययात्रेच्याच तारखेला झालं. सुमारे तीन लाख माणसं जमली होती. इतक्या गर्दीत एखाद्याच्या अंगावर नव्या जमान्याचा शर्ट दिसला असता, तर १९४८ साल क्षणात विरलं असतं.

अठरा वर्षांनी भानूताईंच्या हाती ‘लगान’ आला. त्याची कथा १८९३ सालची. ‘गांधी’मधला तरुण बॅरिस्टर आगगाडीतून ढकलला जातो तेही १८९३ मध्येच. एकच साल आणि दोन्ही चित्रपटांच्या कपड्यांत एकाच बाईचा हात! तिकडे कडक कॉलरचा सूट, इकडे दुष्काळी गावातल्या शेतकऱ्यांची साधी, मळकट वस्त्रं आणि समोर गोऱ्या अधिकाऱ्यांचे कोट. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले तर वसाहतकाळातल्या सत्तेची उतरंड नुसत्या कापडावरून समजते. ‘लगान’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्याआधी ‘लेकिन’साठीही मिळाला होता.

२०१२ मध्ये त्यांनी ऑस्करची बाहुली अकादमीकडे सांभाळायला परत दिली. १५ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईत त्या गेल्या. जाण्याआधी २०१० मध्ये त्यांनी वेशभूषेच्या कलेवर पुस्तक लिहून ठेवलं, याचं मला फार समाधान आहे. एरवी हे ज्ञान शिंप्याच्या बोटांत राहतं आणि त्याच्याबरोबरच जातं.

तुमच्या घरी पणजोबांचा कोट किंवा पणजीचं लुगडं ट्रंकेत असेल तर ते एवढ्यात धोब्याकडे देऊ नका. उलटं करा आणि आतली शिवण पाहा: हातशिलाई की मशीनची, काठ विणलेला की वरून लावलेला. पुढल्या रविवारी त्या शिवणीपासूनच सुरुवात करू.