एकी की बेकी? : यंत्राची मूठ उघडताना

गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींतून सुट्टीच्या दुपारी चिंचोक्यांचा एक साधा खेळ चाले. एकाने मुठीत काही चिंचोके लपवायचे आणि विचारायचे, "एकी की बेकी?" संख्या विषम असली तर एकी, सम असली तर बेकी. बरोबर ओळखले तर मुठीतले चिंचोके ओळखणाऱ्याचे. चुकले तर तेवढेच त्याने द्यायचे. कोरियात याच खेळाला 'होल-जाक' म्हणतात. २०२१ च्या 'स्क्विड गेम' मालिकेत तो गोट्यांनी खेळलेला अनेकांनी पाहिला असेल.

या पोरखेळाने मोठ्यांनाही विचारात पाडले आहे. एडगर अॅलन पो यांच्या १८४४ सालच्या 'द पर्लॉइन्ड लेटर' या कथेत समोरच्याची बुद्धी जोखून शाळेतल्या सगळ्या गोट्या जिंकणारा मुलगा येतो. पुढे १९५० च्या दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेव्हिड हॅगेलबार्गर यांनी असाच अंदाजाचा डाव खेळणारे यंत्र बनवले. जिंकल्यावर माणूस तेच पुन्हा करतो की बदलतो, हे ते टिपून ठेवी. नुसत्या नशिबावर निम्मे डाव मिळाले असते. त्याने ९,७९५ पैकी ५,२१८ जिंकले.

ते यंत्र आपली मूठ ओळखत होते. आजच्या चॅटजीपीटीसारख्या भाषा-मॉडेलच्या हाती मूठ दिली तर काय होते, हे मी मराठीतूनच तपासतो. कृती सोपी आहे, वाचकांनाही घरी करता येईल. मॉडेलला सांगावे, "एक ते दहा चिंचोके लपव, किती ते सांगू नकोस." ते म्हणते, "लपवले." आपण म्हणावे, "एकी." ते संख्या सांगते. आता त्याच उत्तराच्या जागी पुन्हा उत्तर मागावे, आणखी दोन-चार वेळा मागावे. कधी तीन निघतात, कधी सात, कधी चार. मूठ एकच, मग चिंचोके कसे बदलतात?

कारण मुठीत काही नव्हतेच. मॉडेल आधीच्या मजकुरावरून पुढचा शब्द रचते. मजकुरात 'लपवले' हा शब्द आहे, संख्या कुठेही लिहिलेली नाही. ती मूठ उघडतानाच ठरते. मरे शॅनहॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये 'नेचर'मधील लेखात वीस प्रश्नांच्या खेळावरून हेच दाखवले होते.

खरी गंमत पुढे आहे. "तीनच का ठेवलेस?" असे विचारले की नीटनेटके कारण मिळते. चार निघाले असते तर चारचेही तितकेच नीटनेटके मिळते. म्हणजे सांगितलेले कारण हा निर्णयाचा पुरावा नव्हे. निर्णयानंतर लिहिलेला तो आणखी एक मजकूर असू शकतो. याला लबाडी म्हणण्याचे कारण नाही, पण त्यावर विसंबणेही बरे नाही.

हा प्रश्न चिंचोक्यांपुरता राहत नाही. भिशीत कोणाची चिठ्ठी आधी निघते, यावर एखाद्या घरची शाळेची फी अवलंबून असते. "मी मनात एक नाव धरले आहे," असे यंत्र म्हणाले तर त्या मनात चिठ्ठी नाही, हे लक्षात ठेवावे. नाव आधी लिहून घ्यावे, ते तिसऱ्याच्या हाती झाकून ठेवावे आणि मगच उघडावे. त्यापेक्षाही चांगले म्हणजे डब्यात कागदाच्या चिठ्ठ्या टाकून लहान मुलाला एक उचलायला सांगावे.