पाण्याचे अनुदान: गावात चालणारे समज आणि कागदावरची वस्तुस्थिती

पाणीपुरवठा योजना मंजूर झाल्याची बातमी गावात पोचली की पहिला प्रश्न येतो, "मग पैसे आले का?" वर्ष उलटूनही नळ कोरडा राहिला की दुसरा, "पैसे गेले कुठे?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण अनुदान कशासाठी मिळते, कसे मिळते आणि कशासाठी मिळतच नाही, याबद्दल इतके गैरसमज आहेत की खरा जाब विचारायचा राहून जातो.

मान्यता मिळाली म्हणजे निधी मिळाला, हा सर्वांत पसरलेला समज. प्रशासकीय मान्यता म्हणजे एवढ्या खर्चाच्या या कामाला शासनाची संमती. पैसा त्यानंतर हप्त्याहप्त्याने येतो. जलजीवन मिशनमध्ये महाराष्ट्रासारख्या राज्यांत केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा वाटा उचलतात. आधीच्या खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही आणि एका बाजूचा वाटा रखडला की काम अर्ध्यावर थांबते. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेले हे मिशन २०२४ पर्यंत पुरे व्हायचे होते. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मुदत २०२८ पर्यंत वाढवण्याची घोषणा झाली. त्यामुळे टाकी उभी आहे आणि जलवाहिनी नाही, एवढ्यावरून कोणी पैसे खाल्ले असे ठरवू नये. किती हप्ते आले, मोजमाप पुस्तिकेत काय नोंदवले आहे, हे विचारावे. उत्तर टाळले जात असेल, तर मात्र संशय घ्यावा.

"सरकारी योजना आहे, आपल्याला काय भरायचे?" हेही खरे नाही. गावांतर्गत कामाच्या खर्चात लोकवर्गणी धरलेली आहे: सर्वसाधारण गावांत १० टक्के, डोंगराळ, वनक्षेत्रातल्या किंवा अनुसूचित जाती-जमातींची लोकसंख्या निम्म्याहून जास्त असलेल्या गावांत ५ टक्के. ती रोखीने, साहित्याने किंवा श्रमदानाने देता येते. योजनेवर देखरेख ठेवणाऱ्या ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या महिला असाव्यात असा दंडक आहे. तो अनेक ठिकाणी सह्यांपुरताच पाळला जातो, याची मला चीड येते. हंडा ज्यांच्या डोक्यावर असतो त्यांनाच योजनेचा नकाशा दाखवलेला नसतो.

योजना पूर्ण झाली की पाणी सुटले, असे आपण धरून चालतो. अनुदान विहीर, पंप, टाकी आणि नळजोडणीचे असते. माणशी रोज ५५ लिटर पाणी देण्याची क्षमता त्यातून उभी राहते. पंपाचे वीजबिल, व्हॉल्व्ह सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचे मानधन, जळालेली मोटर, फुटलेली वाहिनी यांचा खर्च ग्रामपंचायतीने पाणीपट्टीतून भागवायचा असतो. पाणीपट्टी थकली की वीजबिल थकते आणि जोडणी तुटते. अनेक गावांना एकत्र पाणी देणाऱ्या प्रादेशिक योजनेत हे दुखणे आणखी वाढते, कारण काही गावांनी भरले आणि काहींनी नाही, तरी पंप सगळ्यांचा एकच असतो.

स्रोताचा प्रश्न याहून कठीण आहे. राज्याचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बसाल्ट खडकाचा आहे. पाणी मुरते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत, म्हणून दोन शेतांच्या अंतरावर एक विहीर भरलेली आणि दुसरी कोरडी असते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने सुचवलेल्या जागी विहिरीला चांगले पाणी लागले, तरी शेजारच्या खोल बोअरने ते मार्चपर्यंत ओढून नेले तर अनुदान काय करणार? सार्वजनिक पेयजल स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नव्या विहिरीवर निर्बंध घालणारा कायदा राज्याने १९९३ मध्येच केला होता. बोअर भावकीतल्या माणसाची असते, आणि तक्रार करायला कोणी पुढे येत नाही.

आता शेततळ्याकडे येऊ. शेततळे म्हणजे जलसंधारणच, असे बहुतेकांना वाटते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेत ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल तळ्याला कमाल ५० हजार रुपये मिळत. वाहून जाणारे पावसाचे पाणी अडवायचे आणि खंड पडला की पिकाला द्यायचे, ही कल्पना उत्तम होती. पण द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यांत प्लॅस्टिक अंथरलेली तळी बोअर आणि विहिरींच्या पाण्याने भरली गेली. जमिनीखाली सुरक्षित असलेले पाणी उपसून उन्हात ठेवायचे, यात संधारण कुठले? हिशेब करून पाहा. उन्हाळ्यात दिवसाला ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तर काठोकाठ भरलेल्या अशा तळ्याच्या ९०० चौरस मीटर पृष्ठभागावरून रोज ७,२०० लिटर पाणी उडते. माणशी ५५ लिटरने ते १३० जणांना पुरेल. बाग जगवणाऱ्या शेतकऱ्याची धास्ती मी समजू शकतो, त्याला दोष देणे सोपे आहे. पण ज्या तळ्यात पावसाचे पाणी येतच नाही, त्याला सार्वजनिक पैसा संधारणाच्या नावाने मिळू नये.

ठिबकबद्दल थोडक्यात. राज्याच्या पूरक अनुदानासह अल्प-अत्यल्प भूधारकांना ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्के मिळतात, ते ठरवून दिलेल्या मापदंड खर्चाच्या. दुकानदाराच्या बिलाच्या नव्हे. संच बसवून तपासणी झाल्यावरच रक्कम खात्यात येते.

"पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा सरपंचाच्या मर्जीवर" हा समजही तपासून घ्यावा. २०२१ ते २०२६ या काळासाठीच्या अनुदानातला ६० टक्के भाग बंधित होता: ३० टक्के स्वच्छतेसाठी, ३० टक्के पिण्याचे पाणी, पर्जन्यजल संकलन आणि पाण्याच्या पुनर्वापरासाठी. त्यातून सभामंडप बांधता येत नाही. कोणत्या कामावर किती खर्च दाखवला, हे ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते.

सगळी अनुदाने बांधकामाचीच असतात, असेही नाही. २५ डिसेंबर २०१९ रोजी सुरू झालेल्या ६,००० कोटींच्या अटल भूजल योजनेत महाराष्ट्रासह सात राज्ये घेतली गेली. तिचा मोठा भाग प्रोत्साहन निधीचा होता आणि तो निकालावर मिळत असे: भूजलाची आकडेवारी लोकांपुढे ठेवली का, गावाने जलसुरक्षा आराखडा केला का, पातळी घटण्याचा वेग कमी झाला का. या गावांत पाऊस किती पडला, किती मुरला आणि कोणत्या पिकाने किती पाणी घेतले याचा ताळेबंद मांडायचा होता. तुमचे गाव त्यात असेल, तर तो आराखडा ग्रामपंचायतीत मागा आणि ऊस किती एकरांवर लिहिला आहे ते आधी बघा.