मरळीचा श्वास

कल्याण-शीळ रस्त्यावरून आत वळलं की निळजे, खोणी, खिडकाळी या पट्ट्यात टॉवरांच्या अधेमधे अजून काही गावतळी शिल्लक आहेत. एका बाजूला देऊळ नि पायऱ्या, दुसऱ्या बाजूला कमळाची पानं आणि पाणकणसाचं रान. एप्रिल संपता संपता पाणी काठ सोडून बरंच आत सरतं आणि तळाचा चिखल उघडा पडतो. उरलेल्या पाण्यात रोहू-कटला असतात, ते माणसांनी बी म्हणून सोडलेले. तिलापियाही असतो, १९५२ साली भारतात आणलेला हा परका मासा आता कुणी न सोडताही वाढतो. मरळ मात्र इथल्याच चिखलातली, इथलीच.

ज्यांच्या शेजारी बसून मी मरळ गरवायला शिकलो ते काका आगरी, सत्तरीच्या पुढचे. काठावर आल्यावर ते बराच वेळ दोरी सोडतच नाहीत. चपला काढून, उन्हाकडे तोंड करून उभे राहतात, म्हणजे सावली पाण्यावर पडत नाही. मग नुसतं बघत राहतात. पाण्यावर वलय उठलं की ते कुणाचं हे त्यांना कळतं. तिलापियाची वलयं बारीक आणि घोळक्यानं उठतात. मरळीचं एकटंच असतं: पानांच्या फटीत पाणी जरासं फुगतं, एक हलकी ‘गुळुप’ ऐकू येते आणि मागे दोन-तीन बुडबुडे राहतात. मी काठी उचलायला गेलो की ते हात आडवा धरतात. “थांब. परत येल ती.”

ती परत येते, कारण तिला यावंच लागतं. कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत मरळीला हवा घेण्याची सोय असते. ती मोठी झाली की नुसत्या पाण्यातल्या प्राणवायूवर तिचं भागत नाही; जाळ्यात अडकून वर येता आलं नाही तर मासा असूनही ती गुदमरून मरते. पाणी तापेल तसा त्यातला प्राणवायू घटतो. २० अंश सेल्सियसला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसातच. त्यातून शेवाळ रात्रभर प्राणवायू खातं, म्हणून उन्हाळ्यात पहाटेचं पाणी सगळ्यात गुदमरलेलं. त्या वेळी रोहू-कटला वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर ती भूक नसते, जीव घाबरलेला असतो; तेव्हा त्यांच्यापुढे कणकेचा गोळा टाकून उपयोग नाही. मरळीला त्या पाण्याचं काही वाटत नाही. दोन श्वासांमधलं अंतर आणि दोन वलयांमधली दिशा बघून काका तिची वाट ताडतात. उन्हाळ्यातली अर्धी मासेमारी इथेच होऊन जाते.

पूर्वी यासाठी बांबूची लांब काठी, जाड दोरी आणि गळाला जिवंत बेडूक असे. आता रबरी बेडूक मिळतो, पोटात पोकळ, आणि गळाची दोन टोकं पाठीला चिकटून वर वळलेली, त्यामुळे तो पानांत अडकत नाही. हा बेडूक मूळचा अमेरिकेतल्या लार्जमाउथ बास गरवणाऱ्यांचा. बास आपल्या तळ्यांत नाही, पण तोही गवताच्या आडोशाला दबा धरून वरून जाणाऱ्यावर झडप घालणारा. जिवंत बेडूक टोचण्यापेक्षा हा रबरी मला केव्हाही बरा वाटतो.

बेडूक वलयावर टाकायचा नाही. तिच्या वाटेच्या पुढे, पानांच्या पलीकडे टाकायचा आणि पानांवरून थांबत थांबत ओढायचा. पान संपून मोकळं पाणी लागलं की सोडून द्यायचा, अगदी स्तब्ध. झडप बहुधा तिथेच येते, आणि नवखा हात तेव्हाच हिसका देतो. मरळीनं नुसता चावा घेतलेला असतो, बेडूक अजून पुरता तोंडात गेलेला नसतो. “गिलू दे तिला,” काका म्हणतात. दोरी जड लागली की मग काठी वर, आणि तिथून पुढे दया नाही: ढील मिळाली तर ती पाणकणसाच्या बुडात शिरते. म्हणून दोरी विणलेली नि मजबूत लागते. जबड्यात बारीक तीक्ष्ण दात असतात, तोंडात बोट घालायचं नाही; ओल्या गोणपाटात धरून गळ काढायचा.

पहिल्या पावसात वलगणीचे मासे ओहोळानं वर चढतात तेव्हा सगळं गाव पाण्यात उतरतं. काका मात्र तेव्हापासून गणपतीपर्यंत मरळीला गळ टाकत नाहीत. नर-मादी वनस्पती बाजूला सारून गोल जागा करतात, अंडी वर तरंगतात, आणि पिल्लं निघाली की त्यांचा लालसर घोळका पाण्याच्या पृष्ठभागाशी खदखदत फिरतो. खाली पालक राखण करतात आणि जवळ येईल त्यावर तुटून पडतात. त्या घोळक्यात बेडूक टाकून राखणदार धरणारे लोक मी पाहिले आहेत. सोपं आहे, आणि मला ते सहन होत नाही. राखणदार गेला की पिल्लं बघता बघता इतर मासे नि पक्षी फस्त करतात. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते. गावतळ्याला बंदी घालायला काकांसारखी माणसंच आहेत.

नवरात्रानंतर सगळं बदलतं. तळं काठोकाठ, पाणी निवळलेलं, कडेला छोटे बेडूक नि मासोळ्या भरपूर. आता मरळ खोल डबऱ्यात नसते, अगदी पायाशी, वीतभर पाण्यात गवताला लागून असते. ऑक्टोबरच्या उन्हात माणूस मध्यावर दूर फेकत बसतो नि मासा मागे राहतो. काका पाण्यापासून चार पावलं मागे उभे राहतात, काठाला समांतर टाकतात आणि बेडूक उन्हाळ्यापेक्षा जलद ओढतात, कारण पिल्लांमागे रोडावलेली मरळ आता पाठलाग करते. डिसेंबरच्या गार सकाळी ती पुन्हा सुस्तावते.

ठाण्यात मासुंद्याच्या किंवा उपवनच्या काठावर लोक माशांना पाव-कुरमुरे टाकताना दिसतात. तिथे मासे नाहीत असं नाही, पण चहूबाजूंनी बांधलेल्या काठाला मरळीच्या घरट्यासाठी गवत नि उथळ पाणी कुठून येणार? आमच्या गावतळ्याच्या सुशोभीकरणाची बोलणी सुरू झाली तेव्हा काका बैठकीला गेले. देवळाच्या बाजूला घाट बांधा, दिवे लावा, बाकं ठेवा, असं त्यांनी आधी सांगितलं. मग हातातल्या काठीनं जमिनीवर तळ्याचा आकार काढला आणि पाणकणसाची पश्चिमेची बाजू, ओहोळाच्या तोंडापासून जुन्या उंबरापर्यंत, भिंतीविना सोडायला सांगितली.