थंडी, वारा आणि पनवेलची परसबाग



आपल्या पुष्कळ सभासदांची मुले नोकरी-धंद्यानिमित्त पनवेल, कळंबोली, कामोठे भागात स्थायिक झाली आहेत. गावाकडून जाताना पिशवीतून तुळस, कढीपत्ता, जास्वंद जाते. ज्याला अंगण आहे तो हापूसचे कलमही नेतो. मग पौष-माघात निरोप येतो, "साहेब, रोज संध्याकाळी पाणी घालतोय, तरी थंडीनं झाडं गेली." गेल्या हिवाळ्यात आम्ही तिकडे गेलो असता काही घरची झाडे मुद्दाम पाहिली. थंडीने मेलेले झाड एकही दिसले नाही.

घाटावरची थंडी निराळी. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठते. निफाडला डिसेंबर २०१८ च्या अखेरीस पारा २ अंशांच्या आसपास उतरला होता. अशा वेळी द्राक्ष बागाईतदार बागेत शेकोट्या पेटवतात, रात्री पाणी देतात. विहिरीचे पाणी हवेपेक्षा ऊबदार असते आणि ओली जमीन ऊब धरून ठेवते, म्हणून तेथे ते योग्यच आहे.

पनवेल खाडीकाठचे. तेथे रात्रीचा पारा हिवाळ्यात साधारण १५ ते २० अंशांत असतो. एवढ्याने झाड मरत नाही, सुस्तावते. आपला ऊस नाही का २० अंशांखाली वाढायचा थांबल्यासारखा होतो, तसेच. सुस्त मुळी पाणी कमी ओढते. अशा वेळी कुंडीत संध्याकाळी तांब्यावर तांब्या ओतला की रात्रभर गारठा आणि चिखल, मुळी कुजते.

दुसरा शत्रू वारा. सकाळी घाटाकडून कोरडा वारा सुटतो. तो पानातले पाणी उडवतो, आणि मुळी तेवढे पुरवू शकत नाही. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत तो जास्तच झोंबतो.

आधी रोग ओळखा. वाऱ्याच्या बाजूचीच पाने कडेने करपली असतील तर दोष वाऱ्याचा. खालची पाने पिवळी आणि माती ओली असेल तर पाणी जास्त झाले. झाडाच्या सर्व बाजूंनी पानांच्या कडा जळत असतील तर माती किंवा पाणी खारट असण्याचा संभव आहे. त्या भागात खाऱ्या जमिनी बऱ्याच आहेत; पनवेलला कोकण कृषी विद्यापीठाचे खार जमीन संशोधन केंद्रच आहे.

आता उपाय. बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहा. कोरडे लागले तरच पाणी द्या, तेही सकाळी ऊन आल्यावर. बुडाशी पाचट किंवा पालापाचोळा पसरा. वाऱ्याच्या बाजूला गोणपाट किंवा शेडनेट बांधा. पत्रा लावू नका. पत्र्यावरून वारा उसळून पलीकडे भोवरा करतो, तर जाळीतून तो गाळून मंद होतो. जळगावचे केळी बागाईतदार बागेभोवती शेवरी लावतात ती याचसाठी. तुळशीच्या मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडा, म्हणजे झाडाची ताकद बियांत जाणार नाही.

हापूसची गोष्ट उलटी. त्याला थंडी हवीच, तिच्यावरच मोहोर येतो. फळाला आलेल्या झाडाला मोहोरापूर्वी भरपूर पाणी दिलेत तर मोहोराऐवजी पालवी फुटते आणि वर्ष वाया जाते. पाणी द्यायचे ते फळ वाटाण्याएवढे झाल्यावर. लहान कलमाला मात्र पहिली काही वर्षे बेताचे पाणी चालू ठेवावे. थंडी लांबली तर पुन्हा मोहोर फुटतो आणि आधीची बारीक फळे गळतात. ती गळ पाण्याच्या कमतरतेची समजून पाणी वाढवू नये.

घाटावर जे शहाणपणाचे, ते खाडीकाठी नुकसानीचे ठरू शकते. तेव्हा मुलांना झाड पाठवाल त्या वेळी हा अंकही पिशवीत घाला. शंका असल्यास गट ऑफिसात येताना करपलेले पान सोबत आणावे.