सीमाभागातील शाळेची कुळकथा

गावाचा इतिहास लिहावयास बसलेला मनुष्य प्रथम किल्ल्याकडे पाहतो, मग देवळाकडे, मग वाड्याकडे. शाळेकडे त्याची दृष्टी सहसा जात नाही. वस्तुतः एखाद्या प्रदेशावर कोणकोणत्या राजवटी येऊन गेल्या आणि त्यांनी सामान्य माणसाच्या घरात कोणता पालट केला, हे शाळेच्या कपाटाइतके स्पष्टपणे अन्यत्र क्वचितच आढळेल. बेळगाव-निपाणी भागातील एखाद्या जुन्या शाळेत शाळा सोडल्याच्या दाखल्यांच्या स्थळप्रती चाळून पाहाव्यात. आजोबांच्या दाखल्यावर मुंबई सरकार, मुलाच्या दाखल्यावर म्हैसूर राज्य आणि नातवाच्या दाखल्यावर कर्नाटक राज्य, अशी अक्षरे दिसतात. कुटुंब त्याच गल्लीत, शाळा त्याच जागी. शीर्षक मात्र प्रत्येक पिढीत निराळे. मुख्याध्यापक या नात्याने असे कागद आम्ही वर्षानुवर्षे हाताळीत आलो आहोत. ते हाताळताना जो प्रश्न मनात उभा राहतो तोच येथे मांडावयाचा आहे. इतक्या राजवटी पालटूनही शाळा टिकते, ती कशाच्या बळावर?

१८१८ साली पेशवाई संपली आणि बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. तोपर्यंत शाळा म्हणजे पंतोजींची शाळा. कोणाच्या ओटीवर किंवा देवळाच्या ओवरीत मुले बसत, धूळपाटीवर अक्षरे गिरवीत, बोरूने मोडीचे वळण घटवीत आणि पावकी-निमकीपासून अडीचकीपर्यंतची उजळणी एका सुरात म्हणत. कुलकर्ण्याच्या दप्तराला आणि पेढीवरच्या वहीला लागणारी एवढीच ही विद्या. तिचा लाभही थोड्या जातींच्या मुलग्यांपुरताच. हा दोष लहान नव्हे. तथापि या शाळेचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. तिचा चरितार्थ मुलांच्या घरून येणाऱ्या शिध्यावर व पैशावर चाले. म्हणूनच राज्य बुडाले तरी ती बुडाली नाही.

नव्या शिक्षणाचा आरंभ येथे लष्करी छावणीच्या छायेत झाला. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर १८२० मध्ये बेळगावास आले आणि १८३२ मध्ये मिशनने इंग्रजी शाळा काढली. तीच पुढे बेनन-स्मिथ हायस्कूल या नावाने प्रसिद्धीस आली. १९०४ मध्ये येथील मिशनचे कार्य अमेरिकन मेथडिस्ट मिशनकडे गेले, तरी शाळा चालू राहिली. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे कोणीही नाकारणार नाही. पण पालकांनी तिच्यातून आपणांस हवे तेवढे, म्हणजे इंग्रजी विद्या, उचलली. १८४८ मध्ये बेळगावात सार्वजनिक वाचनालय स्थापन झाले, त्याअर्थी वाचणारा वर्ग तोवर गावात सिद्ध झालेला होता.

आता एक अप्रिय गोष्ट सांगणे प्राप्त आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई सरकारने धारवाडकडील कन्नड मुलखात ज्या शाळा उघडल्या, त्यांत पुष्कळ ठिकाणी मराठीतूनच शिकवीत असत. कारण इतकेच की, दफ्तराची भाषा मराठी होती. कन्नड घरातील मूल परक्या भाषेत अक्षरे गिरवी आणि त्याचे कोणास फारसे वाटत नसे. पुढे शिक्षणखात्यातील अधिकारी डेप्युटी चन्नबसप्पा (१८३४-१८८१) यांनी कन्नड शाळांसाठी अपार परिश्रम घेतले आणि हा अन्याय दूर होऊ लागला. आज मराठी मुलाच्या शिक्षणाविषयी बोलताना आम्ही ज्या न्यायाचा आधार घेतो, तोच न्याय तेव्हा कन्नड मुलाच्या बाजूने होता. ज्याला हे मान्य नाही त्याने मातृभाषेचा कैवार घेऊ नये.

दोन्ही भाषा शेजारी नांदल्या, तेव्हा दोहींचाही लाभच झाला. घरी मराठी बोलणारे द. रा. बेंद्रे कन्नडचे श्रेष्ठ कवी झाले. एकसंब्यास जन्मलेले व बेळगावात शिकलेले जी. ए. कुलकर्णी धारवाडास इंग्रजी शिकवीत मराठी कथा लिहीत राहिले. इंदिरा संतांनी अध्यापनात आयुष्य घालविले ते बेळगावातच.

शाळा कोणत्या भाषेची, या प्रश्नाआधीचा प्रश्न म्हणजे शाळा कोणाची. १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलने सी. के. बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठ्यांबरोबर सार्वजनिक शाळाही अस्पृश्य मानलेल्यांस खुल्या कराव्यात असे ठरविले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९२५ मध्ये, निपाणीस मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे तेथे भाषण झाले. कागदावर उघडलेले दार प्रत्यक्षात उघडण्यास पुढे बराच काळ लागला. परंतु पंतोजींच्या ओटीखाली उभी असलेली मुले वर्गात आली, हा या कुळकथेतील सर्वांत मोठा पालट होय. राज्यांचे पालट त्यापुढे लहान वाटतात.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यात राहिला. त्याच दिवशी संविधानाची सातवी दुरुस्ती अमलात आली आणि तिने ३५० अ हे कलम घातले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे ते सांगते. निपाणी महाराष्ट्रास द्यावी आणि बेळगाव कर्नाटकात ठेवावे, अशी शिफारस महाजन आयोगाने १९६७ मध्ये केली. तिची अंमलबजावणी झाली नाही. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. निपाणीच्या वेशीबाहेर अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय कोल्हापूर जिल्ह्यात मोडते. निपाणीचा विद्यार्थी तासाला जाताना राज्य ओलांडतो. इकडे मराठी माध्यमाची मुले कर्नाटकाची मराठी पाठ्यपुस्तके अभ्यासून शालान्त परीक्षा देतात.

असा अनुभव आपल्यापुरताच नाही. पोलंड हा देश १७९५ ते १९१८ पर्यंत नकाशावर नव्हता. प्रशियाच्या ताब्यातील व्झेश्निया या लहानशा गावी १९०१ मध्ये शाळेतील मुलांनी धर्माचे पाठ जर्मन भाषेत म्हणण्याचे नाकारले व त्यासाठी छड्या खाल्ल्या. पुढे दुसऱ्या महायुद्धात विस्थापित झालेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, बहुतांशी स्त्रिया व मुले, निपाणीहून चाळीसेक किलोमीटरवर, कोल्हापूरनजीक वळीवडे येथे १९४३ ते १९४८ पर्यंत राहिले. देश हातचा गेलेला, परत जाण्याची शाश्वती नाही. तरीही पंचगंगेकाठच्या त्या छावणीत पोलिश भाषेतून शाळा भरत होत्या.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर येथेच सापडते. शाळा टिकते ती घराच्या बळावर. सरकार तिला साह्य करू शकते किंवा अडवू शकते, एवढेच. मात्र आज हे बळच उणे होत चालले आहे. माध्यम निवडण्याचा अधिकार पालकांचा आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. तो योग्यच आहे. परंतु मराठीच्या मोर्चात चालणारा गृहस्थ आपल्या नातवाचे नाव इंग्रजी शाळेत घालतो, तेव्हा मराठी शाळेचा वर्ग रिकामा होण्याचा दोष परराज्याच्या माथी मारता येत नाही. त्या गृहस्थास बोल लावण्यापूर्वी आम्हा शिक्षकांनीही आपले तपासले पाहिजे. मराठी शाळेतून बाहेर पडणारा मुलगा इंग्रजीत अडखळत असेल आणि ज्या राज्यात राहावयाचे त्या राज्याची कन्नडही त्यास नीट येत नसेल, तर पालकाची भीती खोटी कशी म्हणावी? मराठी पक्की करून या दोन्ही भाषा उत्तम शिकविणे, हे आमचे काम आहे. ते झाले तर शाळा सुरू होण्याच्या दिवशी पालक दारात उभे राहतील. मग दाखल्यावरील शीर्षक कोणतेही असो.