पाऊस मोजण्याआधीची कुलाबा वेधशाळा

१८४० सालच्या जून महिन्यात, पावसाळ्याच्या पहिल्याच तडाख्यात, दोन मोठी शिडाची जहाजे कुलाब्याच्या टोकाशी खडकांवर आदळून फुटली. एकाचे नाव ‘लॉर्ड विल्यम बेंटिंक’, दुसऱ्याचे ‘लॉर्ड कॅसलरे’. बेंटिंकवर ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत भरती झालेले गोरे रंगरूट होते. हजारो मैलांचा समुद्र त्यांनी पार केला आणि मुंबई हाकेच्या अंतरावर असताना रंगरूट, खलाशी आणि प्रवासी मिळून पाऊणशेहून अधिक माणसे बुडाली.

अपघात झाला ती जागा काही निर्मनुष्य नव्हती. १७७१ पासून कुलाब्याला दीपगृह होते आणि त्याच्याच शेजारी १८२६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने उभारलेली वेधशाळा होती. आज या वेधशाळेचे नाव आपण फक्त पावसाच्या बातमीत ऐकतो: गेल्या चोवीस तासांत कुलाबा इतके मिलिमीटर, सांताक्रूझ तितके. पण पाऊस हे तिचे नंतरचे काम. ती बांधली गेली ती जहाजांसाठी, आणि शिडाच्या जमान्यात जहाजे का बुडत हे समजून घेतल्याशिवाय ती कळत नाही.

मुंबईची अडचण वाऱ्यातच होती. इंग्लंडहून निघून आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून येणाऱ्या जहाजाला अरबी समुद्र ओलांडायला नैर्ऋत्य मोसमी वारा हवा असे. हा वारा जहाजाला थेट मुंबईच्या दारात आणून सोडी. मात्र दारात आल्यावर तोच वैरी होई, कारण तो किनाऱ्याकडेच ढकलतो आणि शिडाच्या जहाजाला वाऱ्याविरुद्ध माघार घेणे फार कठीण. चुकून खडकाजवळ गेलेले जहाज परत फिरू शकत नसे. आपल्या कोळ्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला होता: आगोट लागली की होड्या किनाऱ्यावर ओढायच्या, नारळी पुनवेला नारळ वाहीपर्यंत समुद्राचे नाव काढायचे नाही. कंपनीला व्यापाराची घाई होती, फौजेला रंगरूटांची. कोळीवाड्यातल्या कुठल्याही तांडेलाने जूनमध्ये त्या खडकांजवळ जाण्यास साफ नकार दिला असता.

दुसरी अडचण अधिक खोल होती. भर समुद्रात आपण कुठे आहोत हे कळायला दोन आकडे लागतात. अक्षांश सोपा; दुपारी सूर्याची उंची मोजली की निघतो. म्हणून जुने कप्तान मुंबईच्या अक्षांशावर, म्हणजे १९ अंशांच्या किंचित खाली, येऊन पोहोचत आणि मग नाक सरळ पूर्वेकडे वळवत. पण पूर्वेकडे किनारा नेमका किती दूर आहे? तो रेखांशाचा प्रश्न, आणि रेखांश म्हणजे वेळ. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. ग्रीनिचला किती वाजले आणि आपल्या डोक्यावर किती वाजले यातला फरक कळला की रेखांश कळला. १७०७ मध्ये इंग्लंडच्या सिली बेटांजवळ आरमाराची चार जहाजे बुडाली, हजाराहून अधिक खलाशी गेले, आणि त्यानंतर १७१४ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने रेखांश शोधणाऱ्याला २०,००० पौंडांचे बक्षीस लावले. जॉन हॅरिसन या सुताराच्या मुलाने समुद्रावरही बिनचूक चालणारे घड्याळ केले. तो इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्यापुढचा मात्र सहसा कोणी सांगत नाही.

घड्याळ कितीही चांगले असले तरी ते थोडे पुढे-मागे जातेच. रोज एक सेकंद चूक आणि प्रवास तीन महिन्यांचा, तर ९० सेकंद. मुंबईच्या अक्षांशावर एका सेकंदाची चूक म्हणजे सुमारे ४४० मीटर. हिशेब केला तर जहाज जवळजवळ ४० किलोमीटर चुकीच्या जागी. कप्तानाला वाटते किनारा उद्या दुपारी दिसेल. तो आज मध्यरात्री, पावसात, काळोखात पुढ्यात येतो. म्हणून प्रत्येक मोठ्या बंदरात अशी एक जागा हवी होती, जिथे ताऱ्यांवरून खरी वेळ काढली जाईल आणि नांगर टाकलेली जहाजे आपापली घड्याळे तिच्याशी ताडून पाहतील. घड्याळ रोज किती चुकते हे एकदा कळले की चुकणारे घड्याळही उपयोगी पडते. मुंबई बंदरासाठी ती जागा कुलाबा. पुढे बंदरात उंच खांबावर वेळेचा गोळा आला. ठरल्या क्षणी तो खाली पडे, आणि डेकवर दुर्बीण लावून बसलेला अधिकारी घड्याळाचा काटा टिपून घेई.

सुरुवात मात्र काही धड झाली नाही. कंपनीने आणलेले खगोलज्ञ जॉन कर्निन यांचे उपकरणांवरून वरिष्ठांशी बिनसले आणि त्यांना जावे लागले. सरकारी खात्यात उपकरण आधी येते की वाद आधी येतो, हे तेव्हाही नक्की नव्हते. वेधशाळेचे दिवस पालटले ते एल्फिन्स्टन संस्थेतले गणिताचे प्राध्यापक ऑर्लेबार यांच्याकडे काम आल्यावर. १८४१ पासून तिथे चुंबकीय आणि हवामानाच्या नियमित नोंदी सुरू झाल्या.

याच काळात इथे आपली माणसे दिसतात. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ वेधशाळेचा कारभार सांभाळला. केरो लक्ष्मण छत्रे तर अगदी तरुणपणी इथे कामाला लागले आणि पुढची काही वर्षे वेध घेणे, आकडे लिहिणे, पुन्हा वेध घेणे हाच त्यांचा दिनक्रम झाला. याच केरूनानांनी पुढे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ लिहिली, पंचांग आकाशाशी जुळले पाहिजे असा आग्रह धरला आणि टिळकांना गणित शिकवले. मराठी पंचांगसुधारणेचा इतिहास लिहिताना आपण पुण्यापासून सुरुवात करतो. माझ्या मते त्याचे पहिले पान कुलाब्याला, परक्या जहाजांची घड्याळे लावणाऱ्या या कचेरीत आहे.

जहाजाला वेळेइतकीच गरज होकायंत्राची. पण होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेकडे बोट दाखवत नाही; चुंबकीय उत्तरेकडे दाखवते, आणि या दोहोंतला फरक जागेनुसार व सालानुसार बदलतो. जुन्या नकाशावरचा आकडा धरून चालणारा कप्तान हळूहळू वाकड्या वाटेला लागे. म्हणून जर्मन गणिती गाउस यांच्या प्रेरणेने जगभर चुंबकीय वेधशाळांचे जाळे उभे राहिले आणि कुलाबा त्यातले एक ठाणे झाले. रोज ठरावीक वेळेला सुई किती हलली हे लिहायचे, बस. याहून कंटाळवाणे काम शोधून सापडायचे नाही. पण १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर एक प्रचंड लखलखाट पाहिला आणि त्यानंतर दिवसही पुरता उलटला नसेल, तोच कुलाब्याची सुई बेभान झाली. चुंबकीय क्षेत्राची तीव्रता सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरल्याची नोंद तिथल्या वहीत झाली. माणसाने मोजलेल्या सौर वादळांतले हे सर्वांत मोठे. १४४ वर्षांनी, २००३ मध्ये, शास्त्रज्ञांनी त्या वादळाचा जोर ठरवला तो कुलाब्याच्या याच नोंदींवरून. जहाजे खडकावर आदळू नयेत म्हणून लिहिलेल्या वह्या आज उपग्रह आणि वीजवाहिन्या जपणाऱ्यांच्या कामी येत आहेत.

वेळ आणि होकायंत्र दोन्ही बरोबर असूनही पावसाळ्यात किनारा दिसायचा नाहीच. आठ-आठ दिवस सूर्य नाही, म्हणजे अक्षांशही नाही. मग कप्तान शिशाचा ओळंबा सोडून खोली मोजत आणि पाण्याकडे डोळे लावून बसत, कारण पाण्यात साप दिसू लागले की किनारा जवळ आला असे समजायचे. ही खूण इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथातही आहे, आणि अठराशे वर्षांनंतर जेम्स हॉर्सबर्ग यांच्या नौकानयनाच्या मार्गदर्शिकेतही. या हॉर्सबर्गना जहाज फुटणे म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. १७८६ मध्ये नकाशा चुकीचा असल्याने त्यांचे ‘ॲटलस’ जहाज दिएगो गार्सियाच्या खडकावर चढले, आणि उरलेले आयुष्य त्यांनी इतरांसाठी बिनचूक नकाशे करण्यात घालवले.

दीपगृहाचा प्रश्न वेधशाळेच्या हातातला नव्हता. कुलाब्याच्या टोकावरून नैर्ऋत्येकडे खडकांची एक लांब रांग समुद्रात शिरते. ओहोटीला ती उघडी पडते, भरतीला दिसेनाशी होते. जुने दीपगृह टोकावर होते, म्हणजे दिवा धोक्याच्या मागे. जहाजाला दिवा दिसेपर्यंत खडक लागलेला असे. अखेर टॉमस ऑर्मिस्टन या अभियंत्याने या रांगेच्याच दूरच्या टोकाशी, थेट पाण्यात, प्राँग्जचे दीपगृह उभारले. सुमारे ४१ मीटर उंचीचा हा दगडी मनोरा १८७५ मध्ये उभा राहिला. तोवर शिडाचे दिवस सरत आले होते आणि सुवेझ कालवा उघडून सहा वर्षे झाली होती. योग्य जागी दिवा लागायला शंभर वर्षे लागली, यावर अधिक काय बोलावे!

वाऱ्याची गोष्ट निराळी. १ नोव्हेंबर १८५४ रोजी चक्रीवादळाने मुंबई बंदरातल्या जहाजांची आणि होड्यांची दाणादाण उडवली. याच सुमारास कलकत्त्यात हेन्री पिडिंग्टन वादळातून वाचलेल्या जहाजांच्या रोजनिशा गोळा करत होते. वारा कोणत्या बाजूने फिरतो हे पाहून वादळाच्या केंद्रापासून दूर कसे पळावे, हे त्यांनी खलाशांना शिकवले. १८६४ मध्ये कलकत्त्याला वादळाने हजारो बळी घेतले आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले. बंदरावर धोक्याचा बावटा चढू लागला. कोकणी माणूस आजही ‘तीन नंबरचा बावटा लागलाय’ असे म्हणतो, ती या सगळ्या बुडालेल्या जहाजांची शिकवण. ती नेहमीच पाळली गेली असे नाही. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली तेव्हा सहाशेहून अधिक माणसे गेली. ती वाफेची बोट, पण पावसाळा तोच, वारा तोच.

एका न झालेल्या वादळाबद्दलही सांगायला हवे. १८८२ मध्ये मुंबईत चक्रीवादळाने एक लाख माणसे मेली, असे कित्येक याद्यांत अजून छापले जाते. कुलाब्याच्या त्या वर्षीच्या नोंदींत असे वादळ नाही. एक लाख माणसे मेली असती तर गिरगावापासून परळपर्यंत घर न् घर सुतकात असते, आणि आपल्या आज्या-पणज्यांनी ते आपल्याला ऐकवले असते. या वह्या नसत्या तर ही थाप कायमची इतिहास होऊन बसली असती.

कुलाब्याची वेळ मात्र जहाजांपुरती राहिली नाही. ७२ अंश ४९ मिनिटे पूर्व या रेखांशामुळे मुंबई ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे. हाच ‘मुंबई टाइम’. १९०६ मध्ये सरकारने साडेपाच तासांचा प्रमाणवेळेचा काटा लावला तेव्हा शहराने तो सुखासुखी घेतला नाही. जानेवारीतच परळ भागातल्या जेकब ससून गिरणीत हजारो कामगारांनी काम बंद केले. ३९ मिनिटे आधी भोंगा वाजणार म्हणजे ३९ मिनिटे आधी अंधारात उठून निघायचे. कुणाच्या झोपेवर हा घाला आहे हे त्यांना बरोबर कळले होते. महापालिकेने तर मुंबईची वेळ त्यापुढेही कित्येक वर्षे सोडली नाही.

याच सुमारास विजेने वेधशाळेला हटवले. ट्राम विजेवर चालणार हे ठरल्यावर चुंबकाच्या सुया तिथे निरुपयोगी होणार हे उघड होते. १८९६ पासून वेधशाळेचे प्रमुख असलेले नानाभाई मूस, या पदावर कायम नेमणूक झालेले पहिले भारतीय, यांनी चुंबकीय विभाग खाडीपलीकडे अलिबागला नेला. तिथली इमारत पोरबंदरच्या दगडात, लोखंड न वापरता बांधली. १९०४ पासून काही काळ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुने आकडे नव्याशी जोडता यावेत. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली. ती ट्राम केव्हाच बंद पडली. अलिबागची नोंद अजून चालू आहे.

कुलाब्याला उरला पाऊस. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला ७३, तेव्हा साऱ्या देशाला ही दोन नावे पाठ झाली. बाकीचे दीडशे वर्षांचे काम कुणाच्या गावीही नव्हते. भूगोलाच्या शिक्षकांना एक विनंती करावीशी वाटते. रेखांश शिकवताना सिली बेटे आणि ग्रीनिच सांगून थांबू नका. मुलांना फळ्यावर ७२ अंश ४९ मिनिटे हा आकडा द्या, एका अंशाला चार मिनिटे धरून मुंबईची खरी वेळ काढायला सांगा, आणि ती पहिल्यांदा कुणासाठी आणि का काढली गेली, तेही सांगा.