घोंगड्या परत आल्या तेव्हा



यंदा दिवाळीनंतर आम्ही नांदुऱ्याहून सातपुड्याच्या पायथ्याच्या एका कोरकू पाड्यावर घोंगड्या घेऊन गेलो. निम्मी घरे बंद होती. माणसे कामाच्या शोधात बाहेर पडलेली, होळीशिवाय परतणार नव्हती. घोंगड्या द्यायच्या हे आम्ही उपासनेनंतर मंदिराच्या ओट्यावर बसून ठरवले होते. ज्यांना द्यायच्या त्यांना कोणीच विचारले नव्हते. चूक आमच्या समितीचीच, आणि गठ्ठे परत आणावे लागले.

पूर आला तर सभा भरवत बसता येत नाही, माणूस आधी बाहेर काढावा लागतो. पण मेळघाटातले कुपोषण हा पूर नव्हे. १९९३ साली बालमृत्यूंची बातमी राज्यभर गाजली, त्याला तीस वर्षे उलटली. हे संकट दरवर्षी त्याच वाटेने येते. खरीप उरकला की स्थलांतर, मग अंगणवाडीतून मूल सुटते. पावसाळ्यात कणगी रिकामी होते, त्यातच हगवण-ताप, आणि नाल्याला पूर आला की दवाखाना दूर. या प्रत्येक टप्प्यावर घरात एक निर्णय होत असतो. कधी निघायचे, लेकरू कोणाजवळ ठेवायचे, उसने धान्य कोणाकडे मागायचे. हे निर्णय ज्याच्या हाती आहेत त्याचीच ताकद वाढली, तर पुढचे वर्ष थोडे सोपे जाते.

योसेफाची गोष्ट आपण नेहमी अर्धीच सांगतो. त्याने धान्य साठवले, लोक जगले. पण उत्पत्तीचा ४७ वा अध्याय शेवटपर्यंत वाचा. दुष्काळ लांबला तसे लोकांचे पैसे गेले, गुरे गेली, शेवटी जमिनीही फारोच्या झाल्या. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये वेगळे घडते. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना वाटपात डावलले जाते अशी कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी सगळी मंडळी जमवून त्यांनाच सात माणसे निवडायला सांगितली. त्या सातांची नावे ग्रीक आहेत, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

आपल्याकडे याला कायद्याचा आधार आहे. पेसा कायदा धारणी व चिखलदरा तालुक्यांना लागू आहे. आपला बुलढाणा जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, म्हणून जळगाव जामोद व संग्रामपूरच्या आदिवासी गावांना तो मिळत नाही. पण २००६ चा वनहक्क कायदा सर्वत्र आहे. त्याखाली पाड्याची स्वतःची ग्रामसभा भरू शकते. २०१२ च्या दुरुस्तीनुसार तिला निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश तरी स्त्रिया हव्यात.

अचलपूर तालुक्यातले पायविहीर हे कोरकू गावही पेसाबाहेरचेच. ‘खोज’ संस्थेच्या मदतीने गावाने २०१२ मध्ये सुमारे १९० हेक्टर उजाड जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. चराई कुठे बंद, झाडे कोणती, राखण कोणाची, हे ग्रामसभेने ठरवले. रोजगार हमीतून खड्डे खणले, सीताफळ-आवळा लावला. सीताफळाची विक्री ग्रामसभेने स्वतः हाती घेतली. गावाजवळ काम उभे राहिले तसे बाहेर जाणे घटले. २०१४ मध्ये गावाला भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला.

गडचिरोलीतले मेंढा-लेखा हे गोंड गाव तर बहुमतसुद्धा मानत नाही. एकाची हरकत असली तरी विषय पुढच्या सभेत जातो. वेळ लागतो खरा. आमच्या समितीत हे सांगितले तेव्हा एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “मग आपली पाळक समिती कधी उठायचीच नाही!”

होळीनंतर, माणसे परतली की, पाड्यावर सभा आहे. आमच्यापैकी दोघे जातील, मागे बसतील. बायांशी आधी झालेल्या बोलण्यात घोंगड्यांचे नावही निघाले नाही. त्यांना पावसाळ्यासाठी धान्यकोठी हवी आहे, उसने घेऊन सुगीला परत करायची, आणि किल्ली त्यांच्याकडे. पुरुषांपैकी काहींना हे पसंत नाही. सभा काय ठरवेल ते आज सांगता येत नाही.

म्हणून एक विनंती. पुढच्या अंकातल्या हिशेबात पाड्याच्या नावापुढे खर्च शून्य दिसेल, वाटपाचा फोटोही नसेल. आपली देणगी तोवर बँकेत राहील. ज्यांनी ती घोंगड्यांसाठी म्हणूनच दिली होती, त्यांनी खजिनदारांना कळवावे. रक्कम परत हवी असल्यास तीही मिळेल.